एकाच डोळ्याची आखणी

अन्वी, ती आइस्क्रीमची वाटी माझ्यासमोरून उचल बाई. नाही, साखर वाढलीय म्हणून नाही. डॉक्टरांना आणि तुझ्या आईला तसंच वाटू दे. तुमचा हा पुरुषोत्तमकाका लिंबाचं आइस्क्रीम खात नाही त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखं नाही. आता जेवणं झालीत, मोठी माणसं वर झोपायला गेलीत, आणि या बेसिंगस्टोकसारख्या इंग्रजी गावात रात्री करण्यासारखं दुसरं आहे तरी काय? जय, तो टीव्ही बंद कर. सारा, तू हसतेयस, हस. मग जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवू का, असं विचारायला मात्र माझ्याकडे येऊ नकोस.

हे घडलं माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत. गिरीश त्याचं नाव. मी ग्लासगोला होतो तेव्हा तो आणि त्याची बायको सुचेता आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचे. त्यानं मला हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. सांगताना मध्येच उठायचा आणि सिंकपाशी जाऊन हात धुवायचा. हाताला काही लागलेलं नव्हतं.

गिरीश मूळचा पेणचा. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव, एवढं तरी तुम्हाला माहीत असेल; तुमच्या मंडळाचा गणपती तिथूनच खोक्यात बसून येतो. गिरीशच्या वडिलांचा तिथं कारखाना होता. पोरगा मातीत, प्लास्टरमध्ये, रंगात वाढला. साचे भरायचा, सांधे घासायचा, अंगाचा रंग द्यायचा, पितांबराचा काठ काढायचा. सगळं करायचा, एक सोडून. डोळे. डोळ्यांची आखणी घरातल्या कर्त्या माणसानं करायची, सगळ्यात शेवटी करायची, आणि एका बैठकीत करायची. एक डोळा काढून उठायचं नाही. तहान लागो, दारात पाहुणा येवो, दुसरा डोळा झाल्याशिवाय ब्रश खाली ठेवायचा नाही. का, असं त्यानं लहानपणी विचारलं तर वडील म्हणाले होते, एका डोळ्यानं मूर्तीला अर्धंच दिसतं, मग उरलेलं ती शोधत बसते. हे सगळं शिकवलं, पण तो ब्रश काही त्याच्या हाती दिला नाही. तुझा हात अजून हलतो, म्हणायचे. पुढे गिरीश कॉम्प्युटर शिकला, ग्लासगोच्या एका बँकेत लागला, इकडे वडील गेले. हात शिवशिवायचा तो शिवशिवतच राहिला.

आणि वेड कसलं, तर इटलीचं. तिथले पुतळे, तिथली चर्चं, तिथल्या खुर्च्यासुद्धा. दोनदा व्हिसाला अर्ज केला, दोनदा नाकारला. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. हा म्हणाला, ठीक आहे, मी इटली ग्लासगोतच बघतो. आणि खरंच बघायला लागला, हो! दर रविवारी कॅमेरा गळ्यात, शाईचा ब्रशपेन खिशात, निघाली स्वारी. एखाद्या खाटकाच्या दुकानाच्या उंबऱ्याशी रंगीत खड्यांची फरशी दिसली, की हा रस्त्यात उकिडवा बसणार, कारण ती बसवणारे कारागीर इटलीहून आले होते. जुन्या बँकेच्या कमानीवरचे दगडी चेहरे, न्हाव्याची लाल खुर्ची, कॅफेतलं चकचकीत कॉफीचं यंत्र, आइस्क्रीमची उंच काचेची भांडी, सगळ्याचे फोटो. एकदा फुटपाथवर उभी इटालियन स्कूटर बघून याचे डोळे भरून आले. ही माझ्या बाबांच्या चेतकची आजी, म्हणाला. सुचेता सोबत असायची. ती हसायची, पण हिंडायची त्याच्याबरोबर.

मग तिला दिवस राहिले.

आता तुम्ही लहान नाही, तर स्पष्ट सांगतो. त्याआधी एकदा तिचा गर्भ पडला होता. त्यामुळे या खेपेला दोघांचा जीव टांगणीला. त्यात तिला उलट्या अशा सुरू झाल्या की पाणी पोटात ठरेना. भाताचा वास नको, फोडणीचा वास नको, नवऱ्याच्या साबणाचा वास नको. तिसरा महिना संपत आला तरी तेच. वजन उतरत चाललं. जीपीनं, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरनं, बजावलं, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि बाळाचं काही सांगता येत नाही. अशात एकच गोष्ट तिच्या पोटात राहायची. शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीत डोरा नावाच्या इटालियन म्हातारीचं जुनं कॅफे होतं. तिथलं लिंबाचं आइस्क्रीम. दूध नाही, साय नाही, नुसता लिंबाचा रस, साखर आणि बर्फ. दोन चमचे खाल्ले की सुचेताच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा. डोहाळेच म्हणा ना.

दोन हजार पाच साल. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. घड्याळं एक तास मागे घेतात तो दिवस. दुपारी सुचेता म्हणाली, डबा संपलाय रे, आणतोस का? गिरीश निघाला. सरळ जावं, डबा घ्यावा, परत यावं. पण नाही. वाटेत एका चर्चच्या दारावर प्लास्टरची नक्षी दिसली, तिथं रेंगाळला. घड्याळ मागे गेलंय म्हणजे आज अंधार तासभर लवकर पडणार, हे डोक्यातच नाही. कॅफेपाशी पोचला तर रस्त्यावरचे दिवे लागलेले.

डोरानं काउंटरवरचं भांडं उपडं करून दाखवलं, रिकामं. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये फ्रीजर आहे, त्यात डबे आहेत, म्हणाली. माझे गुडघे धरलेत, तूच जाऊन घे. तुझ्या बायकोसाठीच ना? दोन घे.

इतक्या खेपा झाल्या, पण मागची बाजू गिरीशनं कधी पाहिली नव्हती. फरसबंद अंगण, कडेला शेवाळ, आणि टोकाला विटांची शेड. दार ढकललं, भिंत चाचपून दिवा लावला, आणि हा पठ्ठ्या जागच्या जागी खिळला. कारण समोर पेण होतं.

फळ्यांवर ओळीनं प्लास्टरचे संत. हात तुटलेली मेरी, मुंडकं नसलेलं कोकरू, पंखांचे जोड. खाली साचे, दोरीनं बांधलेले. डोराचा आजोबा इटलीहून आलेला मूर्तिकार, डोक्यावर फळी घेऊन त्यावर मूर्ती मांडून दारोदार विकायचा, हे तिनं पूर्वी सांगितलं होतं. हा त्याचा कारखाना. गिरीश फ्रीजर विसरला.

वास मात्र... वास घाण होता. जुने लोक सरस उकळून त्याचे मऊ साचे करायचे. सरस म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी शिजवून काढलेला चिकटा. एका बादलीत तो तसाच राहिला होता, वर्षानुवर्षं. वर जाड साय धरलेली, तपकिरी. सायीवर हिरवी लव. आणि त्या सायीत केस अडकलेले. गिरीश म्हणाला, बादलीकडे बघितलं आणि तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. तरी हा बाहेर पडला नाही. मी म्हणतो, कशाला ही नसती उठाठेव? बायको घरी उपाशी. डबा घे आणि चालू लाग.

टेबलावर फडक्याखाली काहीतरी उताणं ठेवलं होतं. यानं फडकं उचललं.

चेहरा होता. बाईचा, तरुण. अंगाबिंगाचा पत्ता नाही, नुसता चेहरा. ओठ जरासे विलग. प्लास्टर माणसाच्या चेहऱ्यावर ओततात तेव्हा आधी चरबी चोपडतात, तरी एखाददुसरा केस ओढला जातोच. इथं दोन्ही भुवयांचे केस प्लास्टरमध्ये रुतून बसले होते. तांबूस. खरे. आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. मिटलेल्या पापण्या नाहीत, खाच नाही. अंड्याच्या कवचासारखे दोन गुळगुळीत उंचवटे.

गिरीशला काय वाटावं? त्याला वाटलं, अर्धवट राहिलीय. आखणी राहिलीय हिची. पोरांनो, दुसऱ्या कुणालाही हे वाटलं नसतं. तो पेणचा होता म्हणून वाटलं. उभ्या जन्मात त्याला कोणी डोळे काढू दिले नव्हते, आणि इथं बघायला कोणी नव्हतं. त्यानं खिशातून ब्रशपेन काढला. डाव्या हाताचा अंगठा तिच्या गालावर टेकवला, हात हलू नये म्हणून, वडील टेकवायचे तसा. आणि डावा डोळा काढायला घेतला. वरची रेघ. बुबुळ. खालची रेघ. मग वरच्या रेघेचं शेपूट कानाकडे ओढायचं, हलकं वर उचलून. त्याच्या वडिलांच्या डोळ्यांची खूण होती ती, शेपूट.

शेपूट ओढताना अंगठा घसरला.

गाल तुपकट झाला होता. मघाशी कोरडा होता. आता अंगठ्याखाली ओशट, कोमट... आणि किंचित दबणारा. प्लास्टर दबत नाही. रेघेला शेवटाशी एक बाक आला. गिरीशनं हात मागे घेतला. अंगठ्याला पिवळट चरबी. तिचा वास घेतला त्यानं. का घेतला देव जाणे. सरसाचा नव्हता तो वास. आंबलेल्या दुधाचा होता.

समोरचा डोळा ओला झाला होता.

एक डोळा काढून उठायचं नाही... हे त्याला आठवलं. चांगलं आठवलं. पण पोटातून उमासा आला. तो दाराशी जाऊन ओकला, फ्रीजर उघडून हाताला लागला तो डबा उचलला, आणि पळाला. डोराशी बोललासुद्धा नाही.

घरी आला. हात धुतले, पुन्हा धुतले, मग सुचेताला वाटीत काढून दिलं. तिनं एक चमचा तोंडात घातला. तोंड वाकडं केलं.

"हे आंबलंय," म्हणाली. "दुधाचा वास येतोय याला."

गिरीश म्हणाला, यात दूध नसतंच. ती दोन बोटं तोंडात घालून काहीतरी ओढत होती. ओढतच होती. केस निघाला. लांब. तांबूस. घशातून निघाला, पोरांनो. त्यानंतर ती जी ओकायला लागली ती पहाटेपर्यंत. माझ्या छतातून मला ऐकू येत होतं.

त्या दिवसापासून तिचं लिंबाचं आइस्क्रीमही बंद झालं. म्हणजे पोटात जाणारं जे एक होतं तेही गेलं. आणि रात्री झोपेना. भिंतीकडे पाठ करून, दोन्ही हात पोटावर धरून बसायची. गिरीशनं तिला शेडचं काहीच सांगितलं नव्हतं. एक अक्षर नाही. तरी ती म्हणाली,

"कोणीतरी बघतंय रे. माझ्याकडे नाही, पोटाकडे. एकाच डोळ्यानं... दाराच्या फटीतून बघतात ना, तसं."

खोलीत वास होता. आंबट.

आठवडा संपायच्या आत जीपीनं दवाखान्याचं नाव काढलं, आणि गिरीश डोराकडे गेला. सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत होती, काउंटर पुसत होती. त्यानं डोळा काढल्याचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

तो चेहरा डोराच्या आजीचा होता. या घरातच बाळंत झाली, वरच्या खोलीत, आणि त्यातच गेली. बाळ जगलं, डोराची आई ती. पण बाळाला लगेच दुसऱ्या बाईकडे अंगावर पाजायला नेलं होतं. आजी मागत राहिली, मला दाखवा, एकदा दाखवा. आणायला माणूस गेला, तोवर ती संपली. डोळे उघडेच. मिटले, पुन्हा उघडले. दाबून धरले, पुन्हा उघडले. छातीतून दूध येत होतं, म्हणाली डोरा. दोन दिवस येत होतं. मेलेल्या बाईच्या.

शेवटी आजोबानं प्लास्टर कालवलं. चेहऱ्याचा साचा घेतला, त्यातून चेहरा काढला, आणि डोळे घासून घासून सपाट करून टाकले. मग कुठे तिचे डोळे मिटले, आणि तिला पुरता आलं.

"तिला आम्ही बंद करून ठेवलंय," डोरा म्हणाली. "तुला कोणी सांगितलं होतं उघडायला?"

तिनं त्याच्यापुढे ओलं फडकं टाकलं. जा, पुसून ये. ती स्वतः आत यायला तयार नव्हती.

गिरीश शेडमध्ये गेला. एका खिशात ब्रशपेन, हातात फडकं. वडिलांचं ऐकायचं तर दुसरा डोळा पुरा करायचा, म्हणजे ती शोधायची थांबेल. डोराचं ऐकायचं तर पुसायचं. तो मला म्हणाला, काका, मी ब्रशपेनाचं टोपण काढलं होतं. पण मग ती दोन्ही डोळ्यांनी बघेल, हे मनात आलं... आणि धीर झाला नाही.

त्यानं फडकं लावलं. श्वास धरून, तोंड फिरवून. फडक्याखाली काहीतरी हललं. पापणी हलते ना, बोटाखाली, तसं. फडफड. एकदा. दोनदा. त्याच्या तोंडात उलटी आली. ती त्यानं गिळली. हात काढला नाही. घासत राहिला.

मग हललं नाही.

बघितलं तर डोळ्याची जागा साफ. पांढरी, गुळगुळीत, होती तशी. रेघ नाही, डाग नाही. त्यानं फडकं उलटून पाहिलं. फडकंही पांढरं होतं. एवढी काळी शाई, ती कुठेच नव्हती. पण तेव्हा कोण विचार करतो? तो घरी पळाला.

घरी सुचेता स्वयंपाकघरात उभी राहून वरणभात खात होती. पातेल्यातूनच. फार भूक लागलीय म्हणाली. त्या रात्री ती झोपली, अगदी गाढ. खोलीत वास नव्हता. दवाखाना टळला, वजन वाढायला लागलं, गालावर तजेला आला. आमच्या हिनं तिचं डोहाळजेवण केलं, मी स्वतः मोगऱ्याच्या वासाची उदबत्ती लावली आणि तिनं नाक मुरडलं नाही. डोरानं थंडीतच कॅफे बंद केलं आणि कुठे गेली कळलं नाही. गिरीश पुन्हा रविवारचा हिंडायला लागला, फक्त त्या वस्तीकडे जात नसे. संपलं म्हणायचं, झालं.

मे महिन्यात सुचेता बाळंत झाली. मुलगी. रात्रीची वेळ, गिरीश तिथंच उशाशी उभा. मिडवाइफनं बाळ उचललं, रडलं, ठणठणीत होतं. अजून पुसलंसुद्धा नव्हतं. सगळ्या अंगाला तो पांढरा ओशट थर, जन्मताना असतो तो. तिनं फडक्यानं चेहरा टिपला, आणि थांबली. परत टिपला. मग गिरीशकडे रागानं बघून म्हणाली, तुम्हा लोकांत बाळाला काजळ घालतात हे मला ठाऊक आहे, पण इथं चालत नाही, डोळ्याला इजा होते. घातलं कोणी? आणि कधी?

कोणी घालणार? बाळ तिच्याच हातात जन्मलं होतं. सुचेताचा हातही अजून लागला नव्हता.

गिरीश पुढे झाला. बाळाचा उजवा डोळा मिटलेला, चिकटलेला. डावा उघडा होता. टक्क उघडा. आईकडे बघत होता. इतकी ताजी पोरं असं बघत नाहीत. आणि त्या डोळ्याला काळी रेघ होती. वरची, खालची. वरच्या रेघेला शेपूट, हलकं वर उचललेलं. गिरीशनं अंगठा लावला. पुसली जाईना. सुचेता पडल्या पडल्या हसून म्हणाली, बघ तरी, तुझ्या बाबांच्या हातचा डोळा वाटतो.

बाबांच्या हातचा नव्हता तो. बाबांचा हात कधी हलला नाही. या शेपटाला टोकाशी, कानाकडे जाताना, अंगठा घसरल्यासारखा एक बाक होता.